उदाहरणकाकांचं वाक्य

“काका, आइस्क्रीम आणि पंखे नकोत. फार शिळं झालंय ते,” म्हणत संपादकबाईंनी कार्ड परत सरकवलं.

शब्दकोशाच्या त्या कचेरीत अर्थ बाई लिहीत आणि शब्द वापरून दाखवणारं वाक्य काका रचत, म्हणून सगळे त्यांना उदाहरणकाकाच म्हणत. आजचा शब्द होता सहसंबंध. ‘संबंध’मध्ये ‘सम्’ म्हणजे एकत्र आधीच बसलेला, वर आणखी ‘सह’. ‘कोरिलेशन’ या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही तेच ‘एकत्र’. अर्थ सोपा होता. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात-घटतात, जसे उकाड्यात आइस्क्रीम आणि पंखे दोन्ही खपतात. पण तेवढ्यावरून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

काका पेन चावत बसले आणि नको ते आठवलं. बायकोच्या शेवटच्या आजारात लेक आली की त्याच रात्री दुखणं बळावायचं. दरवेळी. शेवटी काकांनी तिला उंबऱ्यातच सुनावलं होतं, “तू आलीस की हिचं बिघडतं. येऊ नकोस.” लेक हातातली पिशवीही खाली न ठेवता मागे फिरली. आई गेली तेव्हा ती जवळ नव्हती.

शब्दांवर पोट भरणारा माणूस, पण घरात जीभ आवरली नाही. काकांनी लिहिलं : ‘लेकीचे येणे आणि आईचे दुखणे वाढणे यांत केवळ सहसंबंध होता.’

बाईंनी वाचलं आणि लेक यायची कधी, असं सहज विचारलं. दुखणं डोकं वर काढू लागलं की आईच फोन करून बोलवायची, असं काका बोलून गेले. हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं, डोक्यात शिरलं नव्हतं एवढंच.

“मग केवळ सहसंबंध कुठला, काका? कारण आहे की यात. दुखणं वाढायला लागलं म्हणून लेक यायची. कुणीतरी उलटं धरलंय.”

जेवणाच्या सुट्टीत काकांनी जिन्यात उभं राहून लेकीला फोन लावला.

“कोण आजारी आहे?” तिने विचारलं.

“कोणी नाही गं. तेव्हा मीच चुकलो. तू ये.”

ती म्हणाली, “बरं नसलं की कळवा, बाबा. येईन मी.”

काका जागेवर आले आणि आइस्क्रीम-पंख्यांचंच वाक्य त्यांनी पुन्हा लिहून दिलं. बाईंनी ते घेतलं. ताप नाही, खोकला नाही, हातपाय धड. आपली तब्येत ठणठणीत आहे याचं काकांना त्या दिवशी पहिल्यांदाच वाईट वाटलं.