नवऱ्याला घेऊन या

पाचवा महिना लागला तरी बेकरीत पाव पिशव्यांत भरायचं तिचं काम चालूच होतं. तपासणीला गेली तेव्हा नर्सबाईंनी दार लोटून घेतलं.

"रक्तात दोष निघालाय. संबंधातून होणारा आजार आहे. सुया वेळेवर घेतल्या तर बाळाचा धोका टळेल. पण नवऱ्याला घेऊन या, त्यांनाही घ्याव्या लागतील."

नवऱ्याखेरीज तिच्या आयुष्यात दुसरं कोणी नव्हतं. याचा अर्थ तिला बसमध्ये उमजला, आणि उतरायचा थांबा मागे राहून गेला.

घरी सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं. ऐकल्यावर म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही नव्हतं बाई."

ट्रक लावून नवरा आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "हे आलं कुठून, ते आईंना तुम्हीच सांगा."

तो बराच वेळ आढेवेढे घेत राहिला. शेवटी म्हणाला, "गोदामांच्या मागे घरं आहेत. सगळेच ड्रायव्हर जातात."

"कोणाकडे?"

"असते एक बाई."

"नाव काय तिचं?"

त्याला ठाऊक नव्हतं. "बोलत नाही ती फारशी. बाहेरून कडी घालतात," तो बोलून गेला, आणि मग आपलंच बोलणं त्याच्या कानावर पडलं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तुझ्याआधी माझी दोन गेली," त्या मुलाला म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या. तुझा बाप काही आला नाही. मी एकटीच सुया टोचून घ्यायची." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "मघाशी बोलले ते चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः मुलाला दवाखान्यात घेऊन गेल्या. गाडीला उशीर होतोय म्हणाला तर म्हणाल्या, "होऊ दे."

तिने त्याच्याकडून त्या घराचा पत्ता वदवून घेतला आणि नर्सबाईंना दिला. त्यांनी कळवल्यावर पोलीस गेले, तोवर खोली रिकामी झाली होती. त्या बाईला कुठे हलवलं, ते शेजारपाजारी कोणी सांगेना.

मुलगी झाली, धडधाकट. नवरा तिला खेळवायचा, जीव लावायचा. पण बायकोचं अंथरूण सासूबाईंच्या खोलीतच राहिलं. पुढे त्याने विचारायचंही सोडून दिलं.

तो फेरीवरून परतला की वाढताना ती विचारायची, "ती बाई कुठे दिसली का?"

"मी आता जात नाही तिकडे."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणायची.