आदल्या दिवशी पाठवायचा कागद

खोटं कशाला बोलू, शेजारच्या देशातल्या बंडखोरांशी वाटाघाटींना धाकटीला बसवलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं? परराष्ट्र खात्यात तिला आणलं मी, मसुदे लिहायला शिकवलं मी, अकरा वर्षं कागद काळे केले मी. आणि खुर्ची हिला. का, तर म्हणे हिचं बोलणं गोड.

करारातलं झडतीचं कलम मात्र माझं होतं. बंडखोरांच्या नाक्यावर बाईची झडती बाईच घेईल. शिपायाने बाईच्या अंगावर हात टाकला, तर हुकूम दिलेला नसला तरी त्याचा अधिकारी जबाबदार. निर्वासितांच्या छावणीतल्या सतरा जणींच्या जबान्या ऐकून मी ते लिहिलं होतं. बंडखोरांच्या सेनापतीची सही झाली की त्याच दिवसापासून ते लागू होणार होतं.

या सेनापतीची एक खोड मला पक्की ठाऊक होती. आयत्या वेळी पुढे केलेल्या कागदावर तो मेला तरी सही करत नाही. आदल्या दिवशी कागद त्याच्या म्हाताऱ्या वकिलाकडे जायला लागतो. वकिलाने मान हलवली की झालं काम. हे कुठल्या फायलीत लिहिलेलं नाही.

बैठकीच्या आदल्या सकाळी धाकटी माझ्या टेबलाशी आली. गळ्यात शिष्टमंडळाचं ओळखपत्र मिरवत विचारते कशी, काही राहिलंय का गं ताई? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "तुला कोण शिकवणार बाई? तुला सगळंच येतं." जरा फजिती होऊ दे, एवढंच मनात होतं. पुढच्या बैठकीला मी सावरून घेईन, मग कळेल सगळ्यांना माझी किंमत.

झाली फजिती. सेनापती कागदाला हात न लावता उठला आणि बैठक आठ दिवस पुढे गेली. त्या दिवशी मी अगदी चवीने जेवले.

सहाव्या दिवशी छावणीतल्या दाईचा फोन आला. नदीपलीकडच्या नाक्यावर चौघींना झडतीच्या नावाखाली शिपायांनी आत नेलं होतं. सगळ्यात लहान चौदा वर्षांची. पुढचं तिला सांगवेना आणि मला विचारवेना.

धाकटीला मीच जाऊन सांगितलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली.

"माझंच चुकलं, ताई. माझ्या जागी तू असतीस तर त्या वाचल्या असत्या."

अकरा वर्षं मला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि त्या म्हाताऱ्या वकिलाबद्दल अवाक्षर काढलं नाही.