सुरक्षा दिनाची शपथ

चिकलठाण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करून बद्रीनाथनं अंगावर एक ओरखडा उमटू दिला नव्हता. म्हणून यंदा सुरक्षा दिनाची शपथ त्यानंच वाचायची, असं साहेबांनी ठरवलं. तिथंच, सगळ्यांसमोर, त्याला सुपरवायझरच्या बढतीचं पत्र मिळणार होतं. माणसाचा सत्कारही कसा नेमका दुखऱ्या जागी बसतो बघा. बद्रीनाथला धड वाचता येत नव्हतं.

शाळेत गेला नव्हता असं नाही. पाचोडला आठवीपर्यंत छड्या खाल्ल्या होत्या. अक्षरं सुटी सुटी ओळखीची, पण एका ओळीत आली की त्यांचा नुसता गोंधळ. गुरुजी त्याला ठोंब्या म्हणायचे आणि त्यानंही ते खरं मानलं होतं. कारखान्यात कागद समोर आला की त्याचा चष्मा हटकून घरी राहिलेला असायचा. नंबर नसलेला तो चष्मा त्यानं शहागंजातून खास विसरण्यासाठीच घेतला होता.

दिवाळीनंतर मुलीला वाचन जमेना म्हणून तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्या मुलीचं सांगत होत्या आणि हा स्वतःचंच ऐकत होता. शेवटी धीर करून त्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी त्यालाही तपासलं. ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात, बुद्धीशी ह्याचा संबंध नाही, असं त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्याला आधी रडू आलं, मग भयंकर राग आला. चाळीस वर्षं त्यानं फुकट मान खाली घातली होती.

हे ठाऊक होतं फक्त जहांगीरला. शेजारच्या प्रेसवरचा हा दोस्त इतकी वर्षं त्याला कागद वाचून दाखवत आला होता. शपथ पाठ कर, कागद नुसता हातात धर, पत्र मिळेपर्यंत गप्प राहा, असं त्यानं सुचवलं. बद्रीनाथनं दोन दिवसांत सगळी शपथ पाठ केली. पाठांतरात तो वस्तादच होता.

चार मार्चला तीनशे कामगार हात पुढं करून उभे राहिले. बद्रीनाथनं कागद उघडला, आणि ह्या सोंगाचीच त्याला किळस आली. त्यानं कागदाची घडी घालून तो साहेबांच्या हातात दिला.

"मला डिस्लेक्सिया हाय," तो माईकवर म्हणाला. "अक्षरं दिसतेत, पण जुळत नाय. शपथ पाठ हाय, ती म्हणतो. वाचल्याचं नाटक आता करणार नाय."

मागं कुणीतरी हसलं. जहांगीरनं वळून बघितलं तसं ते गप्प झालं. बद्रीनाथनं एकही शब्द न चुकता शपथ म्हटली आणि तीनशे जणांनी ती त्याच्यामागं म्हटली.

साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. पाळीचा अहवाल मग कोण लिहिणार, असं त्यांनी हळूच विचारलं. मी बोलतो आणि फोन लिहितो, बद्रीनाथनं सांगितलं. नाहीच जमलं तर मदतीला माणूस मागेन, पण जागा सोडणार नाही. साहेब घुटमळले. शेवटी पत्र पुढं करून म्हणाले, सही कर लवकर, लोक खोळंबलेत.

आजवर साहेबांसमोर अशा किती कागदांवर त्यानं न वाचताच मुकाट सह्या केल्या होत्या, त्याची गणती नव्हती. त्यानं पेन घेतलं, पण टोपण काढलं नाही.

"आधी वाचून दाखवा, साहेब. तीन पानं हायेत, तिन्ही वाचा. मी उभा हाय."