शाकाहारी अंडं

कौशल्याबाईंच्या घरात अंड्याला प्रवेश नव्हता. कांद्याला चातुर्मास सोडून होता, लसूण पाहुण्यासारखा अधूनमधून यायचा, पण अंड्याला उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार. कैक पिढ्या बंगळुरात काढलेल्या या घराने आपल्या मराठीत कानडी शिरू दिली, अंडं मात्र शिरू दिलं नाही. त्यामुळे टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले वासुदेवराव एके सकाळी जेवणाच्या टेबलावर अंडी करायला बसले, तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

अंडी लोकरीची होती, एवढाच त्यांचा बचाव.

खापर खरं फोडायचं तर बिंदुमाधवाच्या डोक्यावर. हा कौशल्याबाईंचा धाकटा भाऊ. सॉफ्टवेअर कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं, आणि येताना त्याने भावोजींसाठी मासेमारीची पेटी आणली. त्यात गळ, घडीची काठी, टेबलाच्या कडेला आवळायचा छोटा व्हाइस आणि एक पुस्तक. पुस्तकाचं म्हणणं असं की थंड नद्यांतले मासे एकमेकांची अंडी खातात. तेव्हा गळावर नारिंगी लोकरीचं खोटं अंडं बांधावं, मासा फसतो. पेटीत पिसं आणि केसही होते. पण ते मेलेल्या जनावरांचे असल्याने कौशल्याबाईंनी ते दारातूनच परत केले. लोकर पास झाली.

"पण त्याला अंडं म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "गोळा म्हणा. आणि गळाचा तो उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, माशाला लागेल."

"लागलं तरी मासा सोडूनच द्यायचा असतो, कौशल्या. तसा नियम आहे."

"सोडायचाच, तर न धरलेला काय वाईट आहे?"

वासुदेवरावांनी पक्कड शोधून काटा दाबला.

आणि मग ते रंगले. व्हाइसमध्ये गळ धरायचा, त्यावर लोकरीचे पदर ठेवून मधोमध दोरा करकचून आवळायचा, पदर वर ओढून कात्रीने एकदाच कापायचे, की लोकर फुलून गोल होते. त्यांची लोकर फुलायची, पण एका बाजूलाच. अंड्याला जणू दाढदुखी झालेली. तरी निवृत्तीनंतर त्यांना कोथिंबीर आणायला पाठवता न येण्याची ही पहिलीच वेळ होती. "हात गुंतलेत," एवढं म्हटलं की सुटका. हे सुख त्यांना पेन्शनपेक्षा प्यारं होतं.

मग जेवायला आलेल्या बिंदुमाधवाने शिऱ्यातल्या केशराचं कौतुक केलं. शिऱ्यात केशर नव्हतंच; होते ते नारिंगी लोकरीचे तंतू.

"येत्या रविवारी मासा लागला तर ठीक," कौशल्याबाईंनी वाटी उचलत निकाल दिला. "नाहीतर पेटी माळ्यावर. आणि मी स्वतः येणार बघायला. सोडून दिलेल्या माशाचा पुरावा कोण देणार?"

जागा ठरली हेब्बाळच्या तळ्याची, आणि ते तळं कौशल्याबाईंना नवं नव्हतं. वासुदेवरावांच्या गुडघ्यात शनी बसल्याचं जोशीबुवांनी शोधून काढल्यापासून दर शनिवारी त्या तिथे नाचणीच्या पिठाचे गोळे माशांना घालून यायच्या. गुडघा होता तसाच होता. मासे मात्र गुटगुटीत झाले होते.

रविवारी तिघं काठावरच्या बाकावर बसले. वासुदेवराव गळ टाकत होते, बिंदुमाधव शेंगा सोलत होता, कौशल्याबाई नवऱ्यासाठी तपकिरी स्वेटर विणत होत्या. नारिंगी अंडी एकामागून एक पाण्यात गेली आणि मासे त्यांच्याकडे पाहून पुढे गेले. दोन अंडी शेवाळात अडकून तुटली. शेवटचं बदकाने तपासलं आणि नापास केलं.

"भावोजी, इथल्या माशांनी अमेरिकेतली अंडी बघितलीयत कुठे?" बिंदुमाधव म्हणाला.

"पुस्तक तूच आणलंस ना रे?"

वासुदेवराव रिकामा गळ हातात घेऊन बसून राहिले. उद्यापासून कोथिंबीर, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"असं तोंड करू नका, बघवत नाही," कौशल्याबाई म्हणाल्या आणि विणकामातली तपकिरी लोकर कापून पुढे केली. पिशवीतला व्हाइस बाकाला आवळला गेला. वासुदेवरावांनी दोरा बांधला, लोकर कापली, आणि नेहमीची दाढदुखी उमटली.

"आणा इकडे. याला काय गोळा म्हणतात?" गोळे वळायच्या सवयीने कौशल्याबाईंनी तो कात्रीने चहूबाजूंनी सारखा केला. शनिवारच्या गोळ्यासारखा वाटोळा.

तो पाण्यात पडला, जरासा बुडाला, आणि काठी वाकली.

"अक्का! लागला!" बिंदुमाधवाच्या शेंगा सांडल्या. वासुदेवरावांचा शनी गुडघ्यातून उठून कुठे गेला कोण जाणे; गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी मासा ओढत आणला. चांगला थोराड रोहू.

कौशल्याबाई वाकून बघू लागल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, सोडा त्याला! हा माझा शनिवारचा मासा आहे."

"तू मासे ओळखतेस?"

"तो मला ओळखतो. नाचणीचा गोळा समजून आला बिचारा. विश्वासाने आला!"

गळ अलगद निघाला. रोहू क्षणभर घोटाळला, मग शेपटीने दोघांच्या अंगावर पाणी उडवून गेला. कौशल्याबाई पदराने चष्मा पुसत राहिल्या. इतक्या शनिवारांचं पुण्य एका रविवारी बुडालं होतं.

"मग अक्का, पेटी माळ्यावर?" बिंदुमाधवाने भीत भीत विचारलं.

"स्वल्प थांब रे." त्या पाण्याकडे बघत होत्या. "येत्या शनिवारी दुप्पट गोळे घालीन, फिटेल पाप. त्याच्यापेक्षा एक मोठा येतो, काळ्या पाठीचा. तो लोकरीला फसतो का, ते बघायला पाहिजे."

पेटी माळ्यावर गेली नाही. वासुदेवरावांच्या मनासारखं झालं.

सोमवारी सकाळी कॉफी पिऊन ते टेबलापाशी आले, तर व्हाइससमोरच्या खुर्चीत कौशल्याबाई बसल्या होत्या. स्वेटरची एक बाही उसवलेली, समोर वाटोळ्या तपकिरी गोळ्यांची रांग.

"बरं झालं आलात," मान वर न करता त्या म्हणाल्या. "कोथिंबीर आणा जरा. माझे हात गुंतलेत."