तपासलेला अर्ज

सांगलीच्या विश्रामबागेत सोपान खरातांना माघारी सगळे ‘स्वल्पविराम सर’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी खिशातलं लाल पेन काही गेलं नाही. एका जुन्या विद्यार्थ्यानं वारलेल्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका आणून दिली, तर सरांनी तिच्यातल्या चार चुका दुरुस्त करून ती त्याला परत पाठवली. मग आठ दिवस स्वतःचीच लाज वाटून ते घराबाहेर पडले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी नात त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. पायल, त्यांच्या कपिलची एकुलती एक लेक. कपिल साताऱ्याला कारखान्यात कामाला होता; पोरीला कॉलेजसाठी त्यानं आईवडिलांकडे सांगलीला ठेवलं होतं. तिच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता आणि त्याला सोनोग्राफीचा रिपोर्ट टाचलेला होता.

काय झालं ते सरांना दुपारीच कळलं होतं. पायलनं आजीला, म्हणजे मुक्ताबाईंना, सांगितलं, आजीनं त्यांना. शिराळ्याकडच्या बागायतदाराचा जयराज दोन वर्षं ‘घरचे तयार होतील’ म्हणत राहिला आणि गेल्या महिन्यात दुसरीकडे साखरपुडा करून मोकळा झाला. पायलनं फोन केला तर हसला. म्हणाला, “तुमच्यातली पोरगी आमच्या चुलीपाशी? येडी का काय तू?”

रिपोर्टवर लिहिलं होतं, तेवीस आठवडे दोन दिवस.

“आबा, दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कायद्यात बसतं,” पायल म्हणाली. “दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात, पण चोवीस आठवड्यांच्या आत. शुक्रवार शेवटचा. मी अर्ज लिहून दिला होता, तर खिडकीवरच्या माणसानं परत केला. म्हणाला, घरातल्या शिकलेल्या माणसाकडून नीट लिहून आण.” ती जरा थांबली. “पप्पांना कळलं तर ते मला जित्ती ठेवायचे नाहीत. उद्या द्याल ना?”

“देतो की,” सर म्हणाले.

कागदावर एकच वाक्य होतं. ‘मला हे मूल नको आहे कारण त्यानं मला फसवलं आणि मला शिकायचं आहे पण घरी कळलं तर मला मारून टाकतील म्हणून लवकर करा.’

कुठे थांबाच नाही. पोरगी एका दमात जिना चढून आल्यासारखं ते वाक्य होतं. सरांनी लाल पेनचं टोपण काढलं. ‘कारण’च्या आधी स्वल्पविराम हवा. ‘पण’च्या आधी हवाच हवा. ‘आणि’च्या आधी? दोन शब्द जोडले असते तर नको. इथे दोन पुरी वाक्यं जोडली होती, मग हवा. की नको? त्यांनी कपाटातून व्याकरणाचं पुस्तक काढलं.

मंगळवारी त्यांनी कच्चा मसुदा लिहिला. ‘फसवलं’ हा शब्द अर्जात शोभेना. ‘विवाहाचे आश्वासन पाळले नाही’ असं केलं. बुधवारी ‘मारून टाकतील’ खोडलं आणि ‘कौटुंबिक रोषास सामोरे जावे लागेल’ असं लिहिलं.

मुक्ताबाई भाकरी थापता थापता बघत होत्या. शेवटी हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर आल्या.

“आवं, अर्ज हाय का नवरी? किती नटवाल तिला?”

“सरकारी काम आहे. चूक राहिली तर—”

“कायदा काय म्हंतो?”

“कायद्यात बसतं.”

“मग तुमी कशाला आडवं बसलाय?”

सरांनी मान कागदात घातली. शाळेत असताना वादविवाद स्पर्धेला एकदा हाच विषय होता, गर्भपाताला कायद्याची परवानगी असावी की नसावी. परीक्षक सोपान खरात. त्यांनी दोन्ही बाजूंना सारखे गुण दिले होते आणि शेरा लिहिला होता, ‘दोन्ही मते उत्तम मांडली.’ तुमचं मत काय, असं एका मुलीनं विचारलं, तेव्हा त्यांनी तिच्या भाषणातले उच्चार सुधारले होते.

आताही तसंच चाललं होतं. पेन कागदावर टेकलेलं असायचं तोवर, हे बरोबर की चूक, हे त्यांना ठरवावं लागत नव्हतं. आणि एक गोष्ट ते स्वतःशीही पुरती कबूल करत नव्हते. दिवस आपले आपण निघून गेले तर कुणालाच काही ठरवावं लागणार नाही, या विचारानं त्यांना जरा हलकं वाटत होतं.

“आबा, झालं?” पायलनं गुरुवारी विचारलं. तिचे पाय सुजले होते.

“एकच वाक्य राहिलंय.”

“तसंच द्या ना. मी माझ्या अक्षरात उतरवते.”

“उद्या दहाला छापून आणतो. तुम्ही दोघी दवाखान्यात थांबा, मी तिथंच येतो. रिपोर्ट माझ्याजवळ राहू दे, तारखा ताडून बघायच्यात.”

शुक्रवारी पायल आणि मुक्ताबाई नऊपासून दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. सर टायपिंगच्या दुकानात होते. पहिल्या प्रतीत दुकानातल्या पोरानं ‘परंतु’च्या आधीचा स्वल्पविराम खाल्ला. दुसऱ्या प्रतीत तो टाकला आणि ‘विवाह’चा ‘विवहा’ करून ठेवला. तिसरी काढताना वीज गेली. “आजोबा, कोण वाचतंय एवढं?” पोरगा म्हणाला. सर खुर्चीत बसून राहिले. खिशातला फोन तीनदा वाजला. त्यांनी तो काढला नाही. वीज साडेबाराला आली.

दवाखान्यात पोचले तेव्हा दीड वाजला होता. पायलनं तिथंच उभ्या उभ्या सही केली. खिडकीवरच्या माणसानं अर्ज घेतला, सही कुठे आहे ते पाहिलं, मग टाचलेला रिपोर्ट उलटून तारीख पाहिली. अर्जावरून त्याची नजर फिरलीसुद्धा नाही.

“डॉक्टर मॅडम एक वाजता आटपाडीच्या शिबिराला गेल्या. आता उद्या.”

“उद्या चोवीस भरतात,” पायल म्हणाली.

“मग आमच्या हातात नाही, ताई. हायकोर्टात जा.” त्यानं कागद खिडकीतून परत सरकवला. “सकाळपास्नं हितंच बसलेलात ना तुम्ही? कशासाठी थांबलात?”

पायलनं कागद उचलला.

घरी आल्यावर सर दारातच म्हणाले, “कोर्टात अर्ज करता येईल. मी लिहितो.”

मुक्ताबाई हसल्या. पन्नास वर्षांच्या संसारात सरांनी त्यांचं असलं हसू ऐकलं नव्हतं. “लिवा की. बारशापातुर हुईल तयार.” आणि आत निघून गेल्या.

पायल रडली नाही. तिनं सरांच्या टेबलावरचा कोरा कागद घेतला, त्यांच्यापुढे ठेवला आणि लाल पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

“कोर्टाचं मी वकिलाकडे बघते. तुम्ही पप्पांना लिहा. माझ्या तोंडून ऐकलं तर ते पुढचं ऐकायला थांबणार नाहीत. तुमच्या लिहिण्याचा त्यांना लय अभिमान आहे, पुरतं वाचतील. जयराजचं लिहा. मी तुम्हाला किती वेळा विचारलं ते लिहा. फोन किती वेळा वाजला ते लिहा.”

“लालनं नको, पोरी—”

“लालनंच.”

सरांनी टोपण काढलं. त्यांनी लिहिलं, ‘चि. कपिल यास,’ आणि सवयीनं त्यापुढचा स्वल्पविराम नीट, शेपटी वळवून काढला.

पायल मागे उभी राहून बघत होती.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “पुढं.”