फोटो अख्खा दाखवायचा

काशीरामला त्याच्या सोन्या बैलाचा एक फोटो हवा होता: चारही पाय एकाच वेळी हवेत. बॅनरसाठी. बेलपाड्याच्या नाक्यावर बारशाचे बॅनर लागतात, वाढदिवसाचे लागतात, कुणी दुबईला जाऊन आला तरी लागतात, मग आपल्या बैलाने कुणाचं काय घोडं मारलंय, असं त्याचं म्हणणं. पण धावत्या बैलाचा फोटो मोबाइलवाल्यांना साधत नव्हता. दरवेळी हाती यायची ती शेपटी.

"बाय, तुज्या कम्पुटरला सांग ना," तो लेकीला म्हणाला.

अंकिता पनवेलच्या एका कंपनीत वेबसाइट तपासायची. रोज शेकडो पानं उघडायची, त्यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, कालच्यात आणि आजच्यात काय बिघडलं ते शोधायचं. हे हाताने करणारा माणूस महिन्याभरात वेडा होईल. म्हणून तिने पायथनमध्ये बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता. एकदा सुरू केला की तो आपला गुपचूप स्क्रीनचे फोटो काढत बसायचा आणि प्रत्येक फोटोला वेळेचं नाव द्यायचा. त्या रविवारी तिने तोच घरच्या लॅपटॉपवर बसवला. बैलगाड्यांच्या शर्यतीचं लाइव्ह चालू राहील, प्रोग्रॅम सेकंदाला दहा फोटो घेईल, त्यातला एक तरी चार पायांचा निघेलच. फक्त स्क्रीनचा कुठला भाग घ्यायचा ते चार आकडे लिहायचा तिला कंटाळा आला. घेऊ दे सगळीच स्क्रीन, नंतर कापू, म्हणाली.

आळस माणसाचा वैरी, तो असा.

मैदानात जायला तिला बंदी होती. ती दोनदा गेली आणि सोन्या दोनदा हरला, तेव्हापासून काशीरामने कानाला खडा लावला होता. आणि आजची शर्यत तर बिनजोड होती, म्हणजे दोनच छकडे, दोनच हलक्या बैलगाड्या, समोरासमोर. समोर उलव्याच्या बुधाजीशेठचा तुफान. सात वर्षांत सोन्या तुफानला एकदाही हरवू शकला नव्हता, आणि आता सोन्या म्हातारा व्हायला लागला होता. ही त्याची शेवटची शर्यत. काशीराम सकाळी जेवला नाही, चहासुद्धा अर्धा सोडून गेला.

अंकिताची काळजी वेगळी होती. बुधाजीशेठचा मुलगा हितेश आणि ती वर्षभर पनवेलच्या तळ्याकाठी कणसं खात भेटत होती, आणि हे त्या कणीसवाल्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. ते कसं सांगायचं, कधी सांगायचं, हा प्रश्न दोघं दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत होती. आज हितेश शेवटच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा होता. तिथे दोन्ही बाजूंचा एकेक माणूस उभा करायची रीत आहे.

छकडे सुटले. भामा, अंकिताची आई, पदर तोंडात धरून लॅपटॉपसमोर बसली होती. धुळीचा लोट उठला, लोक ओरडले, रेषा दिसायला लागली, आणि नेमक्या त्याच क्षणी स्क्रीनच्या कोपऱ्यात टुण्णकन मेसेज उगवला.

"हितेश: तुझा सोन्या नाकभर पुढे! पप्पांची आज खैर नाही. सहाला नेहमीच्या जागी."

लाइव्ह अर्धा मिनिट मागे चालतं. हितेशने तिकडे निकाल पाहिला, टाइप केला, पाठवला, आणि तेवढ्यात इकडे बैल रेषेवर पोचले.

"हा हितेश कोन?" भामाने विचारलं.

"ऑफिसातला."

"ऑफिसातल्याला सोन्या म्हाईत हाय?"

तेवढ्यात फोन वाजला. काशीरामचा आवाज रडवेला होता. धुळीत कुणालाच काही दिसलं नव्हतं. आपला झेंडेवाला सोन्या म्हणत होता, पण आपल्या माणसाचं कोण ऐकतो? बुधाजीचा पोरगा मान खाली घालून म्हणाला, धूळ होती, दिसलं नाही. लाइव्हवाल्याने घाईघाईत बंद करताना व्हिडिओच उडवला. आणि पंच म्हणत होते, पुरावा नसेल तर शर्यत पुन्हा. सोन्या तर जीभ बाहेर काढून बसला होता, तो पुन्हा काय धावणार?

"बाय," काशीराम म्हणाला, "तुज्या कम्पुटरला तरी दिसला काय?"

अंकिताने फोल्डर उघडलं. सोन्याचं नाक रेषेच्या पुढे होतं, शंका नव्हती. आणि त्या फोटोत, त्याच्या आधीच्या वीस फोटोंत आणि नंतरच्या एकोणतीस फोटोंत, कोपऱ्यात हितेश होता. मेसेज पाच सेकंद तिथून हलला नव्हता. प्रोग्रॅम बिचारा इमानदार, त्याने पन्नास वेळा टिपला. कापून टाकणं एका क्लिकचं काम होतं. पण गेल्या वर्षी कुणीतरी समोरचा छकडा कापून टाकलेला फोटो आणला होता, तेव्हापासून शर्यतीच्या मंडळाने नियम केला होता: फोटो अख्खा दाखवायचा, काढला त्या मशिनवरच दाखवायचा. नियम सुचवला होता बुधाजीशेठनेच.

नाही दिसलं, असं म्हटलं की सुटली असती. बाबाचा तो अर्धा चहा अजून ओट्यावर तसाच होता.

"दिसला, बाबा. आणते."

स्कूटीवर मागे भामा, भामाच्या मांडीवर लॅपटॉप. वाटेत अंकिता स्वतःला समजावत होती की पनवेल तालुक्यात हितेश काय एकच आहे? दगड मारला तर हितेशला लागेल. मेसेजशेजारचा गोल फोटोही तांदळाएवढा, त्यात चेहरा कुणाला ओळखू येणार? मैदानात पोचेपर्यंत तिला हे जवळजवळ पटलं होतं. तिथे पाहते तर मंडळाने या वर्षी वीस फुटी एलईडी पडदा उभारलेला. तिच्या पाचावर धारण बसली.

केबल जोडली. फोटो उघडला. आणि मोठा झाल्यावर वेगळीच पंचाईत झाली. लाइव्हचं चित्र मुळात भुरकट, वीस फुटांवर त्याचे नुसते चौकोन झाले. नाक कुठलं, धूळ कुठली, काही कळेना. मेसेज मात्र लॅपटॉपचा स्वतःचा. एकेक अक्षर खणखणीत.

"यात काय दिसतंय?" बुधाजीशेठ माइक हातात घेऊन पुढे आला. "आनि ता कोपऱ्यान काय लिवलाय?"

"ते राहू द्या, काका," अंकिता म्हणाली.

"का म्हून? फोटो अख्खा बगायचा, नियम हाय." त्याने चष्मा चढवला आणि माइकवर एकेक शब्द लावून वाचायला लागला. "तुझा, सोन्या, नाकभर, पुढे." हजारभर माणसं माना वर करून पडद्याकडे पाहायला लागली. "पप्पांची, आज, खैर नाही." आता कुठेकुठे फसफस सुरू झाली. "सहाला, नेहमीच्या, जागी. हितेश." तो थांबला. "कनचा हितेश?"

मग त्याची नजर गोल फोटोवर गेली. तांदळाएवढा फोटो इथे सुपाएवढा झाला होता. हितेशने खास शर्यतीसाठी सकाळीच बदलला होता. त्यात त्याचा अर्धाच चेहरा होता, पण त्याच्या गळ्यात मान टाकलेला बैल अख्खा होता.

"तुफान," बुधाजीशेठ माइकवर म्हणाला.

तोवर काशीराम नाचायला लागला होता. नाकभर, नाकभर, म्हणत त्याने दोन गिरक्या घेतल्या. तिसरीच्या अर्ध्यात त्याच्या डोक्यात बाकीचा मेसेज शिरला आणि तो एका पायावर तसाच उभा राहिला.

हितेश झेंड्याआड लपायचा प्रयत्न करत होता. झेंडा लहान होता.

"ये हिकरं," बुधाजीशेठ म्हणाला. माइक बंद करायचं त्याला सुचलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं हजार माणसांनी ऐकलं. "मना काय सांगलास?"

"धूल."

"आनि हिला?"

हितेशने अंकिताकडे पाहिलं. "खरा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बुधाजीशेठने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पंचांना म्हणाला, "माजा मानूस बोलला सोन्या, तं सोन्या. पन नाकभर. लिवून ठेवा, नाकभर." मग माइक काशीरामच्या हातात देऊन तो सोन्याकडे गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मैदानात असा कल्ला उठला की बैल बिचकले. काशीराम रडत होता, हसत होता, आणि मधेच लेकीकडे डोळे वटारत होता. तिन्ही त्याला एकदम जमत नव्हतं. अंकिताला मात्र इतकं हलकं वाटत होतं की तिला तिथेच बसून घ्यावंसं वाटलं.

सहा वाजता ती आणि हितेश भीतभीतच तळ्याकाठी पोचली. नेहमीच्या बाकावर भामा, काशीराम आणि बुधाजीशेठ आधीच बसले होते. लेक रविवारी तळ्यावर कणीस खायला जाते एवढं भामाला माहीत होतं, बाक कणीसवाल्याने दाखवला म्हणे. भामा कणीस खात होती, आणि दोघे बाप एका मोबाइलवर डोकी घालून भांडत होते. मोबाइलवर तोच फोटो होता, कारण नीट पाहिलं तर त्यात सोन्याचे चारही पाय हवेत होते.

"बाय, बॅनरला हाच घेऊ," काशीराम म्हणाला. "तेवरा कोपरा काप."

"कापायचा नाय," बुधाजीशेठ म्हणाला. "अख्खा छापायचा." आणि बाकावर थोडा सरकून त्याने अंकिताला बसायला जागा करून दिली.