सुटली म्हणा

माघातली दुपार कलली. नीलश्यामल कड्यांच्या खांद्यांवरून उतरलेले ऊन जलाशयावर सांडले. सांडले, फुटले, दिशादिशांना पांगले. पाणी घटकेत पाचूसारखे हिरवे, घटकेत रुपेरी, घटकेत काळेशार. एका रंगावर म्हणून ठरेना! वारा जरा अंगावरून गेला की या तीरापासून त्या तीरापर्यंत शहारा धावायचा. तो विरतो न विरतो तोच दुसरा उठायचा. छे, इतके अस्वस्थ पाणी मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

धरणाच्या कागदपत्रांत त्याला भलेमोठे नाव आहे. काठावरची माणसे त्याला नुसते ‘मोठं पाणी’ म्हणतात, आणि तेवढे पुरते.

त्या मोठ्या पाण्याच्या काठी, वाळल्या गवताच्या सोनपिवळ्या उतारावर सात तंबू होते. सहा तंबूंत शहरातली तरुण पोरे-पोरी. त्यांच्या हसण्याने, गिटारीच्या खणखणाटाने उतार गजबजलेला. सातवा तंबू जरा बाजूला, पाण्याला अगदी लगटून. त्याच्यासमोर घडीच्या दोन खुर्च्या. एकीवर शालनबाई माने बसल्या होत्या. दुसरी रिकामी होती, कारण बळवंतराव काही केल्या बसत नव्हते.

लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून लेकीने, स्वप्नालीने, हा तंबू त्यांच्यासाठी फोनवरून ठरवून टाकला होता. ‘आई, बाबांना घेऊन दोन दिवस मोकळ्या हवेत जा, तळं आहे, छान वाटेल,’ म्हणाली. पोरीला बिचारीला काय ठाऊक, आपण आईबापांना नेमके कुठे नेऊन बसवले ते!

शालनबाई पाण्याकडे पाहत होत्या. बळवंतराव पाणी सोडून सगळीकडे पाहत होते.

शालनबाईंचे माहेर वारणाकाठचे. सहा वर्षांच्या असताना वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना डोहात सोडले, आणि तिसऱ्या दिवशी भोपळा सोडवून घेतला. मग काय विचारता! आषाढातली तांबूसगढूळ नदी असो, नाहीतर चैत्रातली संथनितळ. ही पोर या काठावरून उडी घ्यायची आणि त्या काठाला निघायची. केस निथळताहेत, दात चमकताहेत, छाती भात्यासारखी हलते आहे, आणि पुन्हा उडी. नदी म्हणजे तिचे अंगण होते.

लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाला नवरा सोबत आला होता. त्याला घाटावर उभे करून बावीस वर्षांच्या त्या नव्या नवरीने सूर मारला. सूर मारला आणि दिसेनाशी झाली. एक श्वास, दोन श्वास, दहा श्वास. पाणी वाहतेच आहे, आणि पाण्यात कोणीच नाही. मग पार पलीकडच्या काठाला ती वर आली, खदखदून हसत.

परत आली तेव्हा नवऱ्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. त्याने तिचा ओला हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. ‘माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. पुन्हा पाण्यात उतरायचं नाही.’ ती हसायला गेली, आणि त्याचे डोळे पाहून थांबली.

का, ते त्याने सांगितले नाही. पुढे सासूकडून कळले. बळवंत अकरा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ श्रीपती मळ्यातल्या विहिरीत बुडाला होता. बळवंत विहिरीच्या काठावर उभा होता. शालनबाईंनी तो विषय नवऱ्याजवळ कधी काढला नाही.

आणि शपथ? शपथ पाळली. नुसती पाळली नाही, चाळीस वर्षे पाळली! नरसोबाच्या वाडीला गेल्या तर पायरीवर बसून तांब्याने डोक्यावर पाणी घेतले. कोकणात गेल्या तर अख्खे गोत लाटांत किंचाळत असताना या वाळूत बसून सगळ्यांच्या चपला राखत राहिल्या. मोडायची म्हटली असती तर कोण बघायला येणार होते? पण घातलेली शपथ मोडली तर ती ज्याच्या गळ्याची असते त्याला बाधते. यावर त्यांचा विश्वास होता म्हणावे तर तसेही नाही, आणि नव्हता म्हणावे तर छातीही होत नव्हती. शपथ सोडवायचा एकच मार्ग. ज्याने घातली त्यानेच तोंडाने म्हणायचे, ‘सुटली.’ हे शाळेतल्या पोरासोरांनाही माहीत असते.

ऊन तांबूस झाले. पाणकावळ्याने पाण्यात डोके खुपसले आणि कुठल्याकुठे जाऊन वर काढले. शालनबाईंचे दोन्ही पाय खुर्चीखाली आपोआप हलले.

“अहो.”

“काय?”

“सुटली म्हणा.”

कुठली, कशाची, काहीही विचारायची गरज बळवंतरावांना पडली नाही. “चहा घेणार का तू?” असे म्हणून ते तरातरा उतार चढून गेले. सारी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून शेकडो गाड्या वेळेवर सोडलेला माणूस. पण एक शब्द काही त्यांना सोडवेना.

चहा आला, प्याला गेला, कप विसळून झाले. पाणी आता केशरी, मग जांभळे, मग केशरीजांभळे. काठाशी लाटा चुबुक चुबुक बोलत होत्या. समोर, शे-सव्वाशे हातांवर, बुडालेल्या टेकडीचा उघडा माथा, त्यावर निष्पर्ण सावरीचे एकुलते झाड. आणि त्या झाडावर लालभडक फुले. शालनबाईंची नजर तिथवर जायची, टेकडीला वळसा घालायची, परत यायची. पुन्हा जायची.

“अहो, मी म्हणाले ते...”

“ही खुंटी सैल झालीय बघ,” बळवंतराव म्हणाले, आणि चांगली घट्ट असलेली खुंटी दगडाने ठोकत बसले. ठोक ठोक ठोक. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. काय म्हणावे या माणसाला! बाई मनातून चिडल्या, आणि त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहून त्यांना भडभडूनही आले.

तंबूवाली सगुणा जेवणाचे विचारायला आली. काठावरच्याच वाडीतली, उन्हाने रापलेली, तोंडाची फटकळ बाई. हातातले नारिंगी जाकीट तिने शालनबाईंच्या मांडीवर टाकले. “मावशी, पाण्यात जायचं तर हे घालून जावा. पोहायला येतं का?”

“येत होतं.”

“येत होतं म्हणजे येतंय. ते कुठं जातंय?” सगुणा हसली. “काका, तुमचं काय?”

“आम्ही पाण्यात जाणार नाही,” बळवंतराव म्हणाले. फार मोठ्याने म्हणाले. बाजूच्या तंबूतली गिटार क्षणभर थांबली.

शालनबाईंनी जाकिटाची घडी घातली, ते सगुणाच्या हातात परत दिले, आणि जेवायला पिठले-भाकरी चालेल म्हणून सांगितले.

रात्र कशी गेली ते विचारू नका. ते या कुशीवर, बाई त्या कुशीवर. मध्ये वीतभर अंतर, आणि कापडापलीकडे पाण्याचे ते अखंड, अविरत, अविश्रांत चुबुक चुबुक. दोघेही जागे होते, आणि दोघेही झोपल्याचे सोंग करत होते.

मग पूर्वेला शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा उजेड फुटला. दुधी धुके पाण्यावरून सरकू लागले. सहा तंबू गाढ झोपेत. बळवंतरावांनी हात लांब केला, तर शेजारची चादर गार होती. ते अनवाणीच बाहेर धावले.

शालनबाई काठावर उभ्या होत्या. अंगात लेकीचा जुना पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. म्हणजे हा ड्रेस घरूनच आला होता, स्वेटरांच्या तळाशी लपून. बळवंतरावांना ते कळले आणि त्यांचे पाय जागीच थांबले.

“घाबरू नका,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “बोटसुद्धा बुडवलं नाही अजून. तुम्ही म्हणाल तरच उतरेन. नाही म्हणालात तर हा ड्रेस घडी करून ठेवीन, आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. पण अहो, माझे गुडघे आत्ता चालतात. पुढच्या माघात चालतील का, देव जाणे. मला एकदा पोहायचंय. मरायच्या आधी एकदा.”

धुके सरकत होते. पाणी सरकत होते. बळवंतराव जागच्या जागी या पायावरून त्या पायावर होत होते.

“गुडघ्याइतक्या पाण्यात जा,” ते शेवटी म्हणाले. “तेवढी सुटली.”

“अर्धी शपथ सुटत नसते.”

“जाकीट घाल तर.”

“ते घालून पाणी अंगाला लागतं का? मग चपला राखलेल्या काय वाईट?”

बळवंतरावांनी पहिल्यांदाच पाण्याकडे पाहिले. मग, तब्बल सत्तावन्न वर्षे तोंडातून न निघालेले नाव त्यांच्या तोंडातून निघाले. “श्रीपतीला पण येत होतं पोहायला. चांगलं येत होतं. हसत उडी मारली त्यानं. मी वाट बघत होतो. वर येईल, आता येईल, आता येईल...” आवाज चिरकला. “तू बुडशील असं नाही गं. मला काठावर उभं राहता येत नाही.”

शालनबाई वळल्या. हा म्हातारा, पांढऱ्या खुरटलेल्या दाढीचा, थंडीने कुडकुडणारा. आणि त्याच्या डोळ्यांतून अकरा वर्षांचे पोर पाहते आहे. त्यांनी जाऊन घडीची खुर्ची आणली, पाण्यापासून चार पावलांवर मांडली, हाताने तिच्यावरचे दव पुसले.

“मग बसा की,” त्या म्हणाल्या.

बळवंतराव तिच्याकडे पाहतच राहिले. हसू आले, आणि हसता हसता रडूही आले. अहो, दोन्ही एकदमच आले. ते खुर्चीत बसले. हात गळ्याकडे गेला. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पुन्हा ओठ हलले.

“सुटली.”

शालनबाई पाण्यात उतरल्या. घोट्याला बर्फाचे कडे, गुडघ्याला बर्फाचे कडे. कमरेला पाणी आले. छातीला आले, आणि त्या थबकल्या. अंग थरथर कापत होते. चाळीस वर्षे शपथेने अडवले, बाई. आता कोण अडवते आहे? आता तर कोणीच नव्हते. होते ते नुसते हे म्हातारे अंग आणि समोर हे अथांग, अपार, अनावर पाणी. भीती वाटली. मागे वळून पाहावे असे फार फार वाटले.

त्यांनी पाहिले नाही. श्वास भरला आणि सूर मारला.

पाणी मिटले. वर्तुळावर वर्तुळ उमटले, मोठे झाले, पुसले. बळवंतराव उठले. बसले. उठले. आणि तेवढ्यात, कुठल्याकुठे, वीस हातांवर तिचे पांढरे डोके वर आले. सुटलेला अंबाडा, निथळते केस, आणि एक उजवा हात, एक डावा हात, एक उजवा, एक डावा. हात विसरले नव्हते! पाय विसरले नव्हते! त्या हातांची लय पाहून खुर्चीतल्या माणसाला काही सुचेना. चाळीस वर्षे आपण हिला कुठे कोंडून ठेवले होते, असे त्याच्या मनात आले, आणि ते त्याला सोसवेना.

ती टेकडीपाशी पोचली. सावरीची फुले तिच्यावर क्षणभर लाल झाली. आणि ती टेकडीच्या मागे गेली.

पाणी. नुसते पाणी. मोकळे, लखलखते, निर्विकार पाणी.

एक श्वास, दोन श्वास, दहा श्वास. बळवंतरावांच्या गळ्यातून ती वर येऊ लागली. कोण म्हणून काय विचारता, शपथच! ‘माझ्या गळ्याची शपथ आहे, माघारी फिर.’ एवढेच म्हणायचे होते. पहाटेच्या शांततेत हाक पाण्यावरून सरळ गेली असती, आणि ऐकताक्षणी ती वळली असती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तिने कधी मोडली होती? शपथ जिभेवर आली. दातांशी आली. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड गच्च दाबून धरले.

मग टेकडीच्या पल्याडच्या अंगाने, धुक्यातून, ते चिमुकले पांढरे डोके बाहेर आले. सूर्याचा पहिला किरण त्याच्यावर पडला. बळवंतरावांचे हात सैल झाले. आली! आता येईल, काठाला लागेल, टॉवेल कुठे ठेवला, चहा सांगायला हवा.

ती काठाकडे वळली नाही. उताणी झाली, आभाळाकडे तोंड करून जरा वेळ तरंगली, श्वास घेतला. मग पालथी झाली आणि टेकडीला दुसरा वळसा घालायला निघाली.

सोन्याच्या पाण्यात एक उजवा हात, एक डावा हात. एक उजवा, एक डावा. दूर, आणखी दूर. आणि इकडे काठावर, खुर्चीत, एक माणूस पुन्हा दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता, आणि तिला जाऊ देत होता.